टिपणीसबाईंचा उजवा हात

टिपणीसबाई मला कधीच आवडल्या नाहीत. हे त्यांना माहीत होतं. आणि मी त्यांना आवडत नाही हे त्यांनी मला तोंडावर सांगितलेलं होतं, तेही भर जिन्यात, माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना. त्यांच्या नावानं डोळे पुसणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. गेल्या महिन्यात माझं मनगट मोडलं नसतं, तर मलाही त्यांची आठवण झाली नसती. हात प्लॅस्टरमध्ये गेला आणि घरातले सगळे ‘तू बस, आम्ही करतो’ म्हणत माझ्यासमोरून ताट, वाटी, कंगवा, टॉवेल असं एकेक उचलायला लागले. दोन-चार दिवस मी ते गोड मानून घेतलं. मग एका सकाळी ब्लाउजचं हूक लावायला आलेल्या सुनेवर मी अशी खेकसले, की ती पोर दारातच थांबली. माझ्या तोंडून निघालेला तो सूर मी कितीतरी वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता.

परळची खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो ते सत्त्याऐंशी साली. शांती नगरच्या इमारती तेव्हा नव्या होत्या. स्टेशनाकडून येताना पायाला मिठागरांचा चिखल लागायचा, लिफ्ट नव्हती आणि प्यायचं पाणी टँकरनं यायचं. तिसऱ्या मजल्यावर दोन घरांची दारं समोरासमोर आणि आतली एक भिंत सामाईक. समोरच्या दारावर पाटी होती, ‘कु. सरोजिनी टिपणीस’. त्या ‘कु.’वरून आमच्या विंगमध्ये पुष्कळ हसणं झालं, कारण बाई साठीच्या आसपास होत्या. उंच, ताठ, हाडापेरानं मोठ्या. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं. शेवटी सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या आणि तो सुपरवायझरपणा त्यांनी सामानाबरोबर मीरा रोडला आणला.

टँकर आला की हंडे-कळश्या घेऊन सगळी विंग खाली धावायची. बाई शांतपणे यायच्या, आपला एकच हंडा रांगेत ठेवायच्या आणि नळीपाशी उभ्या राहायच्या. कोणी पुढे घुसलं की त्यांचा हात आडवा यायचा. ‘प्रतीक्षा करा,’ एवढंच म्हणायच्या, फोनवर म्हणत असतील तसंच. घुसणारा पुरुष असो, बाई असो, गुजराती असो की आपला, हंडा परत मागे जायचा. त्यामुळे पाणी सगळ्यांना मिळायचं आणि सगळे त्यांना शिव्या द्यायचे.

मी पहिल्यांदा त्यांना ‘मावशी’ म्हटलं, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘तुझ्या आईला मी ओळखत नाही. तिची बहीण कधी झाले?’ त्यानंतर मी त्यांना ‘बाई’च म्हणत आले. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, तर वाटीतला लाडू उचलून घेत म्हणाल्या, ‘हा ठेवते. पुढचं जमणार नाही.’ आणि दार लावलं.

अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका येतो तेव्हा शेजारी काय म्हणतात, ते मी ऐकलंय. कोणी उघड म्हटलं नाही. पण ‘आता तरी नरम पडेल’ हे बऱ्याच जणींच्या चेहऱ्यावर होतं, माझ्याही असेल. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. डावा हात पूर्ण गेला, डावा पाय ओढत चालण्यापुरता राहिला, तोंड वाकडं झालं आणि शब्द जड झाले. पुण्याहून त्यांचा भाचा विनय आला होता. हॉस्पिटलातून त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी तिसऱ्या मजल्यावर आणलं, तेव्हा त्या डोळे मिटून होत्या. मला वाटलं, बेशुद्ध आहेत. खुर्ची टेकली तसे डोळे उघडले आणि उचलणाऱ्यांतल्या एकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वेडेवाकडे शब्द गोळा करून त्या म्हणाल्या, ‘घामाचा वास येतो.’

विंगनं डब्यांच्या पाळ्या लावल्या. आठवडाभर बाई मुकाट्यानं जेवल्या. मग डबे परत यायला लागले. कोणाच्या आमटीत मीठ नव्हतं, कोणाची पोळी चामडं होती. वरच्या मजल्यावरच्या शर्माबाईंनी एवढ्या मायेनं केलेली खिचडी ‘पेशंट के लिए होगी, मैं पेशंट नहीं हूँ’ म्हणून परत पाठवली. पाळ्या आपोआप बंद पडल्या. मरू दे तिला, असं म्हणून बायका मोकळ्या झाल्या. बाईंना तेच हवं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्यानंतर त्यांनी काय काय केलं, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि दार उघडं असायचं तेवढ्या वेळात पाहिलं.

सकाळी सातच्या सुमारास बाल्कनीतून आवाज सुरू व्हायचा. बाई वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायच्या. अग्रलेख वगैरे नाही, निधनवार्ता. त्यात नावं असतात, गावं असतात, जोडाक्षरं असतात, असं त्यांचं म्हणणं. जीभ वळायला तेच चांगलं. ‘कृष्णाजी त्र्यंबक’ म्हणताना सुरुवातीला तोंडातून लाळ गळायची. ती पुसायची आणि पुन्हा ‘त्र्यंबक’. खालून लोक ओरडायचे, सकाळी सकाळी मेलेल्यांची नावं कसली ऐकवता म्हणून. बाई आवाज चढवायच्या. मध्येच आपलं मतही द्यायच्या, ‘अठ्ठ्याऐंशी. पुरे झालं की.’ चार-सहा महिन्यांत शब्द बरेच सुटे झाले. स्वभावात फरक पडला नव्हता, आता तो नीट ऐकू यायला लागला एवढंच.

मग त्यांनी सुतार बोलावला. खाली बसणं शक्य नव्हतं, आणि एका हातानं सुरीखाली कांदा धरायचा कसा? त्यांनी आपली विळी ओट्यावर स्क्रूनं ठोकून घेतली. सुतार उत्तर प्रदेशचा होता. तो समजावत होता, ‘बाई, लोग तो नीचे बैठ के काटते हैं.’ बाई म्हणाल्या, ‘तो लोगों के घर में नीचे लगाना.’ त्या विळीवर त्या उभ्यानं, उजव्या हातानं बटाटा पात्यावर ढकलून चिरायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. ते पातं बरोबर पोटासमोर होतं.

साबण त्यांनी जुन्या पायमोज्यात घालून नळाला बांधला, म्हणजे हातातून निसटायला नको. टॉवेलच्या दोन टोकांना नाडीचे फासे शिवून घेतले. एक फासा दाराच्या कडीत अडकवायचा, दुसरा हातात धरायचा आणि पाठ घासायची. पातळ नेसणं संपलं होतं. शिंप्याकडून त्यांनी चांगल्या पातळाच्या निऱ्या इलॅस्टिकवर शिवून घेतल्या आणि ते परकरासारखं वर ओढायच्या. शिंप्यानं हूक मागे लावले म्हणून त्याच्या दुकानात उभ्या राहून त्याला सगळे उसवायला लावले. परत पुढच्या बाजूला लावून घेतले आणि मगच हलल्या.

सगळ्यांत अडचण केसांची होती. केस लांब होते, त्या वयातही दाट. एका हातानं वेणी घालता येत नाही. बाई नुसते विंचरून मोकळे सोडायच्या आणि ते सारखे तोंडावर यायचे. एका संध्याकाळी त्यांचं दार उघडं होतं आणि त्या दाताखाली रबर धरून केस गोळा करायला झगडत होत्या. मी आत गेले. म्हटलं, ‘द्या, मी घालते.’ त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मी घातली. चांगली घट्ट वेणी घातली, खाली रिबन बांधली आणि आरसा पुढे धरून म्हटलं, ‘बघा, किती छान दिसताय.’ बाईंनी आरशात पाहिलं. ‘उद्या कोण घालणार?’ म्हणाल्या. मी म्हटलं, मीच येईन की, ऑफिसला निघायच्या आधी पाच मिनिटं. त्यांनी मान हलवली. मला बरं वाटलं. वाटलं, जमलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर दाराला कुलूप. संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडत होते, तेव्हा रिक्षांच्या रांगेपाशी बाई दिसल्या आणि मी पहिल्यांदा ओळखलंच नाही. डोक्यावर पुरुषासारखे बारीक केस, मागून मानेपर्यंत मशीन फिरवलेलं. स्टेशनाजवळच्या सलूनमध्ये पुरुषांच्या रांगेत बसून कापून आल्या होत्या. मला इतका राग आला की मी विचारलं, ‘बाई, मी येणार होते ना?’

‘म्हणूनच कापले,’ त्या म्हणाल्या. ‘तू रोज येणार, मी रोज तुझी वाट बघणार. एखाद्या दिवशी तुला उशीर होणार. मग मी झिंज्या सोडून बसू?’ आणि एवढ्यावर थांबायचं की नाही? पण त्या पुढे म्हणाल्या, ‘तुला माझे केस नको होते. चार बायकांना सांगायला गोष्ट हवी होती.’

मी कोणाला काहीही सांगितलेलं नव्हतं. रिक्षावाले ऐकत होते. मी तिथून निघाले आणि दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. आजही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. ते खरं नव्हतं आणि त्यांनी ते कधी मागे घेतलं नाही.

जिन्याचं प्रकरण त्यानंतरचं. आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला. चढताना तो उजवीकडे यायचा, म्हणजे बाई त्याला धरून वर यायच्या. उतरताना तोच कठडा डाव्या, लुळ्या हाताकडे जायचा आणि उजव्या हाताला नुसती गुळगुळीत भिंत. बाईंनी सोसायटीकडे मागणी केली की भिंतीच्या बाजूनं लोखंडी पाइप लावा. सेक्रेटरी होते चौथ्या मजल्यावरचे परुळेकर. बँकेत ऑफिसर, बोलणं मऊ, कपडे नेहमी इस्त्रीचे. मीटिंग खाली स्कूटर लावतात तिथं भरली होती. परुळेकरांनी शांतपणे समजावलं की जिना आधीच अरुंद आहे, पाइप आला तर कपाटं, फ्रिज वर जाणार नाहीत, आणि एकासाठी केलं तर उद्या प्रत्येक जण काहीतरी मागेल. लोकांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, ‘बाई, तुमच्या सोयीसाठी सांगतो. तळमजल्यावरचा एखादा फ्लॅट बघा ना.’

‘तुम्ही बघा,’ बाई म्हणाल्या. ‘सामान हलवायला तुम्हाला दोन हात आहेत.’

मीटिंगमध्ये कोणी हसलं नाही. ठराव नामंजूर झाला. आमच्या घरचा हातही पाइपच्या विरोधात वर झाला होता, कारण आमचं कपाट यायचं होतं. बाईंनी कोणाकोणाचे हात वर आहेत ते एकदा नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या जिना उलटा उतरायला लागल्या. तोंड वरच्या मजल्याकडे, पाठ खाली. तसं उभं राहिलं की कठडा उजव्या हातात येतो. आधी लुळा पाय मागे खाली सोडायचा, तो टेकला की चांगला पाय. काठी गळ्यात दोरीनं अडकवलेली. पाठीमागं कोण येतंय ते दिसायचं नाही, म्हणून सारखं ‘बाजूला व्हा’ म्हणत उतरायच्या, खाली कोणी असो-नसो. शाळेतून येणारी मुलं त्यांची नक्कल करत उलटी उतरायची आणि पडायची. ऑफिसची घाई असलेले लोक दात-ओठ खात मागे थांबायचे. ‘ही एक दिवस मरेल आणि दुसऱ्याला घेऊन मरेल,’ असं परुळेकर म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं. बाईंनीही ऐकलं असणार. त्या दिवशी त्या आणखी सावकाश उतरल्या.

त्याच परुळेकरांच्या आईवरून पुढचं भांडण पेटलं. आजींचे गुडघे गेले होते. बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून, एकदा हॉस्पिटलात नेलं ते सोडून, त्या चौथ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर खिडकीत. सून चांगली होती, सगळं हातात द्यायची. एका दुपारी पाण्याच्या टाकीवरून बाई परुळेकरांशी भांडायला चौथ्या मजल्यावर चढल्या. घरात फक्त आजी. काय बोलणं झालं कोण जाणे. मी त्या दिवशी तापानं घरी होते. जिन्यात आवाज ऐकून दार उघडलं, तर बाई उलट्या उतरत येत होत्या आणि त्यांच्या वरच्या पायरीवर, तशाच पाठमोऱ्या, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून परुळेकर आजी. आजी रडत होत्या.

‘रडताय कशाला? रडून गुडघा वाकतो का? डावा पाय खाली. अजून. टेकला. आता दुसरा.’

मी धावले आणि आजींचा दंड धरायला हात पुढे केला.

‘हात लावू नकोस,’ बाई माझ्यावर ओरडल्या. ‘तुझा हात लागला की त्या अंग सोडतील.’

आजींचा हात सुटला असता तर दोघी थेट खाली गेल्या असत्या, हे त्या पोरकट धाडसाकडे बघताना मला स्पष्ट दिसत होतं. मी शिव्या देत, मनातल्या मनात, त्यांच्या बरोबरीनं उतरले. खाली वॉचमनच्या खुर्चीवर आजी बसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि गेटमधून रस्त्याकडे बघायला लागल्या. समोर ओळीनं दुकानं होती, केळ्याच्या गाड्या, रिक्षा. ‘एवढी दुकानं कधी झाली गो?’ असं त्यांनी मला विचारलं. मग त्यांनी केळी आणवली आणि एक तिथंच खाल्लं. बाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. वॉचमनशी पाण्यावरून वाद घालत उभ्या होत्या.

वर चढणं अवघड गेलं. प्रत्येक वळणावर आजींना बसावं लागलं आणि दुसऱ्या मजल्यावर त्या बसलेल्या असतानाच परुळेकर आणि त्यांची बायको ऑफिसातून आले. आई जिन्यात, फरशीवर, घामानं निथळलेली, शेजारी टिपणीसबाई. त्यांचा मऊ आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा फाटलेला ऐकला. आईला काही झालं असतं तर कोण जबाबदार होतं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं, स्वतःचं आयुष्य सडलंय म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरता का, असं पुष्कळ काही बोलले. दारं उघडली. लोक बाहेर आले. बाई म्हणाल्या, ‘मला काय विचारता? त्यांना विचारा.’

परुळेकरांनी आईकडे पाहिलं. आजींनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, ‘मी नको नको म्हणत होते. ह्यांनीच मला ओढून आणलं.’

सगळ्या विंगनं ते ऐकलं. मला वाटलं, आता बाई तोंड सोडतील. केळ्याचं साल अजून आजींच्या पदरात होतं. पण त्या कठडा धरून आपल्या मजल्यावर चढल्या. परुळेकरांनी आईला उचलून घेतलं, अक्षरशः लहान मुलासारखं, आणि वर नेलं.

मी बाईंच्या मागोमाग आले आणि दारात म्हटलं, की आजी खोटं बोलल्या, तुम्ही गप्प का बसलात?

‘त्यांना त्याच घरात राहायचंय,’ बाई म्हणाल्या. कुलपात किल्ली फिरवली, दार पायानं ढकललं. ‘आणि तू काय दारात उभी राहून ऐकतेस? ताप आहे ना तुला?’

आजी पुन्हा खाली आल्या नाहीत. पुढच्या वर्षी गेल्या तेव्हाच त्यांना उतरवलं.

परुळेकरांनी मात्र ते सोडलं नाही. त्यांनी विनयला फोन करून कळवलं की तुमच्या आत्याबाई स्वतःला आणि दुसऱ्यांना धोका आहेत. विनय पुढच्याच रविवारी आला. अतिशय सज्जन मुलगा, खाली वाकून नमस्कार करणारा. त्यानं मलाही बोलावून घेतलं, म्हणजे आत्या जरा जपून बोलेल. बाईंनी त्याला बसवलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. तो उठला. ‘बस,’ आतून आवाज आला. आम्ही बसलो. एका हातानं गॅस, एका हातानं आधण, मग साखरेचा डबा छातीशी दाबून त्याचं झाकण दातांनी. मग कप एकेक करून बाहेर, कारण ट्रे धरायला दुसरा हात नव्हता. चहा प्रत्येक फेरीत थोडा बशीत सांडत होता. विनय खालमानेनं ते ऐकत होता, बघत नव्हता. त्याला ते सहन होत नव्हतं आणि मी त्याला दोष देत नाही.

मग त्यानं सांगितलं. पुण्याला त्यानं वेगळी खोली केली होती, खाली, बागेच्या बाजूला. दिवसभराची बाई ठेवणार होता. ‘आत्या, तुला पाण्याचा पेलासुद्धा उचलावा लागणार नाही.’

बाईंनी आपला कप खाली ठेवला. ‘मग मी दिवसभर काय करू?’

त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा एकच प्रश्न, ज्यात टोमणा नव्हता. विनय म्हणाला, आराम कर. बाईंनी रिकामे कप एकेक करून आत नेले आणि विषय संपला. जाताना त्यानं मला त्याचा फोन नंबर दिला, काही वाटलं तर लगेच कळवा म्हणाला. अर्ध्या तासात माझ्या दारावर काठी आपटली. बाई उभ्या होत्या.

‘माझ्यावर नजर ठेवणार आहेस?’

मी म्हटलं, तसं नाही, फक्त काही झालं तर कळवायला.

‘काही झालं तर आधी मला कळव,’ त्या म्हणाल्या आणि वळल्या.

अशी त्यांनी आणखी पाच-सहा वर्षं काढली. शांती नगरात बँका आल्या, दवाखाने आले, टँकर कमी झाले. बाई उलट्या उतरत राहिल्या. त्यांची नक्कल करणारी मुलं कॉलेजात गेली. आम्ही भायंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये मोठी जागा बुक केली होती आणि मला खरं सांगायचं तर त्या समोरच्या दारापासून सुटका होणार याचाही आनंद होता. आम्ही निघायच्या आदल्या पावसाळ्यात बाई पडल्या. सगळी विंग ज्या जिन्याचं भविष्य सांगत होती, त्या जिन्यात नाही. घरात, खुर्चीतून उठताना, काहीही कारण नसताना.

भिंतीवर काठीचे ठोके ऐकून मी गेले, तर दाराची कडी काढलेली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि त्या स्थितीत त्या एका हातावर अंग ओढत दारापर्यंत आल्या होत्या आणि काठीनं कडी वर ढकलून मगच भिंतीवर ठोकलं होतं. दार फोडायला लागू नये म्हणून. चेहरा पांढराफटक. मी शेजारी बसले आणि घाबरत घाबरत विचारलं, ‘विनयला फोन करू?’

त्यांनी डोळे मिटले. ‘आता कर.’

ऑपरेशन झालं पण चालणं गेलं. विनयनं खूप गळ घातली. त्या पुण्याला गेल्या नाहीत. उत्तनच्या बाजूला वृद्धांसाठी एक आश्रम होता, तिथं जायचं त्यांनीच ठरवलं. का, असं मी हॉस्पिटलात विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘विनयकडे सगळे गोड बोलतात. तिथं निदान कोणाशी भांडता येईल.’

नव्या घरात स्थिरस्थावर झाल्यावर मी एकदाच त्यांना भेटायला गेले. भायंदर स्टेशनावरून बस घेतली. शेवटच्या थांब्यावर उतरले तर वाऱ्याला सुकत्या बोंबलांचा वास होता. आश्रमाच्या बाईंनी मी नातेवाईक असेन असं समजून मला ऑफिसात बसवलं आणि तक्रारी सुरू केल्या. तुमच्या बाई भरवून घेत नाहीत, निम्मं अंगावर सांडतात, मग धुणं वाढतं. त्यांचं बघून शेजारच्या खाटेवरच्या दोघीही आता चमचा मागायला लागल्यात. जेवणाला दुप्पट वेळ जातो. तुम्ही जरा समजावून सांगा. मी म्हटलं, मी फक्त शेजारी होते.

‘मग कशाला आलात?’ त्या वैतागून म्हणाल्या. मी बाई कुठे आहेत ते विचारून उठले.

बाई मागच्या व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत होत्या. अंग निम्मं झालं होतं. केस तसेच बारीक, आता पूर्ण पांढरे. मला बघून त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. नवं घर कुठल्या मजल्यावर, असं विचारलं. दुसऱ्या, लिफ्ट आहे, असं सांगितल्यावर म्हणाल्या, ‘बंद पडेल.’ परुळेकर कसे आहेत ते विचारलं नाही. मी नेलेली बिस्किटं त्यांनी पाकीट दातांनी फोडून पाहिली आणि मऊ पडलीत म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं की शेवटची बस चुकेल, निघ. मी उठले. पाया पडावं की पडू नये असं मनात येत होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘आता वाकू बिकू नकोस,’ म्हणून मी तशीच निघाले.

फाटकापाशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं. बाईंनी खुर्ची एका हातानं रेटत अंगणातल्या नळापर्यंत नेली होती. एकच चाक ढकललं जात होतं, त्यामुळे खुर्ची सारखी गोल फिरत होती आणि त्या ती दर वेळी पायानं सरळ करत होत्या. नळ सोडला, ओंजळ एका हाताची, त्यात जेवढं राहील तेवढं पाणी तोंडावर मारलं. बरंचसं बाहीतून आत गेलं. आश्रमातली आया लगबगीनं आली, हातात टॉवेल घेऊन, आणि त्यांचं तोंड पुसायला वाकली. बाईंनी तिच्या हातातून टॉवेल हिसकावून घेतला. ती आया रिकाम्या हातांनी तिथंच उभी राहिली आणि बाई, तिच्याकडे पाठ करून, कानामागे, मानेवर, हनुवटीखाली, सावकाश तोंड पुसत राहिल्या.